सोबत दहा डॉलर

आजोबांचे एकही पत्र आमच्या घरात नाही. आहेत ती मनिऑर्डरीच्या फॉर्मची तळची कुपने. बेळगावला मराठा पलटणीत भरती झालेला माणूस महिन्याला पैसे पाठवायचा आणि त्या दोन बोटे जागेत सगळा संसार चालवायचा. म्हैस विकू नये. थोरल्याचे नाव शाळेत घातले का. पैका पोचल्याचे कळवावे. पोस्टमन वाचून दाखवी, आजी अंगठा उठवी आणि कुपन पत्र्याच्या डब्यात जाई.

हे आधी सांगितले, कारण गेली बावीस वर्षे वॉशिंग्टनमध्ये माझा धंदा जवळजवळ हाच आहे. अमेरिकी यादवी युद्धातल्या (1861–65) सैनिकांच्या पेन्शनच्या फायली मी वाचते. कुणाला आपल्या खापरपणजोबांचा शोध घ्यायचा असतो, कुणाला पुस्तक लिहायचे असते. मी नॅशनल आर्काइव्ह्जच्या वाचनकक्षात बसते. पेन बाहेर ठेवायचे, आत फक्त शिसपेन्सिल. समोर येतो तो घड्या घातलेल्या कागदांचा जाडजूड गठ्ठा.

जुलै 1862 मध्ये कायदा झाला. शिपाई मेला तर त्याच्या विधवेला महिना 8 डॉलर. बायको-मुले नसतील तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईलाही. विधवेला लग्न सिद्ध करावे लागे, मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत. कागद नसला तर बायका घरच्या बायबलातले जन्म-मृत्यूच्या नोंदींचे पान फाडून अर्जाला जोडत. आईचे काम त्याहून अवघड. मुलगा आपल्याला पोसत होता, हे दाखवायचे कसे? मग ट्रंकेतून त्याची पत्रे निघत. ज्या पत्रात ‘सोबत दहा डॉलर पाठवत आहे’ असे वाक्य असेल, ते पत्र वॉशिंग्टनला रवाना होई.

म्हणजे त्या पत्रांची निवड पैशाच्या ओळीने केली. बाकीचा मजकूर तिच्या पदराला धरून आला. छावणीतल्या रोजच्या जगण्याबद्दल मला जे काही कळले, त्यातले पुष्कळसे या फुकट आलेल्या मजकुरातून.

हा मजकूर लढाईबद्दल फार थोडे बोलतो. तंबूबद्दल भरपूर. अर्धा तंबू याच्या पाठीवर, अर्धा त्याच्या. संध्याकाळी दोघांनी आपापली कापडे बटणांनी जोडायची आणि खाली शिरायचे. शिपायांनी त्याला कुत्र्याचा तंबू असे नाव ठेवले होते. हिवाळ्यात मुक्काम लांबला की ओंडक्यांच्या खोपट्या उभ्या राहत. 1862–63 च्या थंडीत व्हर्जिनियातल्या फॅल्मथला लाखावर माणसांचा तळ पडला होता. भिंतीच्या फटींत चिखल, वर तंबूचेच कापड, आणि धुराड्याला डुकराच्या मांसाचे रिकामे पिंप. ते पिंप कधीमधी पेटेही, आणि मग शेजारच्या खोपट्यांची करमणूक होई.

खाणे म्हणजे हार्डटॅक. पीठ आणि पाणी, तीन इंचांचे चौकोनी, अर्धा इंच जाड बिस्किट. ते बंदुकीच्या दस्त्याने फोडायचे किंवा कॉफीत भिजत घालायचे. कॉफीत पडले की आतले किडे वर तरंगत, ते चमच्याने काढून टाकायचे. चवीत फरक पडत नाही, असे आईला बजावून सांगणारे महाभाग मी वाचले आहेत. आईला हे सांगू नये, एवढी अक्कल एकोणिसाव्या वर्षी कुठून येणार?

सटलर नावाचा परवानाधारक वाणी छावणीबरोबर फिरे आणि दामदुपटीने लोणी, तंबाखू, गोड पाई (pie) विकी. पेशव्यांच्या लष्करातले बाजारबुणगे आठवावेत, फक्त हा एकटा आणि उधारीची वही घेऊन बसलेला. पगार महिना 13 डॉलर, तो मिळे कागदावर दर दोन महिन्यांनी, प्रत्यक्षात खजिनदार येईल तेव्हा. आला की बराचसा सटलरकडे जाई. उरलेला घरी जाई तो पाकिटातून, कॅप्टनच्या हाती किंवा अॅडम्स एक्सप्रेस या कंपनीमार्फत. त्याच कंपनीने उलट दिशेने घरच्या पेट्या आणल्या: मोजे, बूट, केक, लोणी. दारू लपवली आहे का म्हणून पेटी वाटेत फोडत. आणि उशीर झाला की केकला बुरशी, बुटात लोणी. परदेशात फराळाचे पार्सल मागवणाऱ्यांना चकलीचा भुगा नवा नाही.

टपालखात्यालाही या पत्रांनी बदलले. तिकीट 3 सेंटचे, पण घामाने आणि पावसाने तिकिटे खिशातच एकमेकांना चिकटत. म्हणून जुलै 1861 मध्ये सवलत मिळाली: पाकिटावर ‘सैनिकाचे पत्र’ असे लिहून अधिकाऱ्याची सही घ्यायची, पैसे घरच्यांनी भरायचे. घरच्या बायका पोस्टाबाहेर रांगा लावून उभ्या राहत. क्लीव्हलंडच्या जोसेफ ब्रिग्ज नावाच्या टपाल कारकुनाने त्या कुडकुडत्या रांगा पाहिल्या आणि पत्रे घरपोच देण्याची खटपट केली, असे सांगतात. 1 जुलै 1863 पासून मोठ्या शहरांत ती फुकट घरपोच मिळू लागली. पुढल्या वर्षी नोव्हेंबरात मनिऑर्डर सुरू झाली. शिपायांचे पैसे वाटेत चोरीला जाऊ नयेत, हा तिचा एक मोठा हेतू. आपल्याकडच्या टपालखात्याने मनिऑर्डर हातात घेतली ती 1880 मध्ये. (याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला, वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत शेअरांचे वेड माजले आणि 1865 मध्ये शांतता होताच सगळे कोसळले. तेव्हा हे युद्ध आपल्यालाही अगदीच परके नाही.)

माझी एक कायमची तक्रार आहे. फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी बसावे, तसे मला नेहमी एकच बाजू ऐकू येते. घरून छावणीत आलेली पत्रे फारशी उरली नाहीत. ती पावसात भिजली, चुलीत गेली, किंवा शत्रूने वाचू नयेत म्हणून शिपायांनी लढाईआधी जाळली. गाईचे काय झाले, हे मला कधीच कळत नाही. फक्त ‘विकलीस ते बरे केलेस’ एवढेच कळते.

2016 मध्ये एका स्वयंसेविकेला अशाच एका विधवेच्या फायलीत एक पत्र सापडले. न्यू हॅम्पशायरच्या पलटणीतला रॉबर्ट जाबो जानेवारी 1866 मध्ये वॉशिंग्टनच्या इस्पितळात क्षयाने पडून होता. बायकोला आपली खुशाली कळवत होता, घरच्यांची विचारपूस करत होता. त्याला स्वतःला लिहिता येत नव्हते. खाली लिहिणाऱ्याने आपले नाव घातले होते: वॉल्ट व्हिटमन. महाकवीचे हस्ताक्षर दीडशे वर्षे पेन्शनच्या पुराव्यांत पडून राहिले.

पण मला त्याहून जवळचे वाटते ते स्पॉट्सवुड राइसचे पत्र. राइस मिसूरीतला गुलाम. पळून सैन्यात भरती झाला. सप्टेंबर 1864 मध्ये सेंट लुइसच्या बेंटन बराक्सच्या इस्पितळातून त्याने दोन पत्रे लिहिली. एक, अजून गुलामीत असलेल्या आपल्या मुलींना: धीर धरा, मी येतोय. दुसरे, त्यांतली मेरी जिच्या ताब्यात होती त्या मालकिणीला: मुलगी माझी आहे, आणि मी येईन तो सैन्यासकट. मालकिणीचा भाऊ त्या गावचा पोस्टमास्तर. त्याने संतापून दोन्ही पत्रे तिथल्या सैन्याचा प्रमुख जनरल रोझक्रान्स याच्याकडे तक्रारीसोबत धाडली. त्याने ती चुलीत घातली असती, तर आज आपल्याला काहीच माहीत नसते. मेरी पुढे वडिलांना मिळाली. 1937 मध्ये सेंट लुइसमध्ये म्हातारपणी तिने आपल्या वडिलांची आठवण सांगितली, तीही सरकारी कागदांतच आहे.

आजोबा गेल्यावर आजीची पेन्शन अडली. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक होता. ती डबा घेऊन एका कचेरीत गेली. कारकुनाने पुरावा म्हणून दोन कुपने ठेवून घेतली, ती परत आलीच नाहीत. पेन्शन सुरू झाली, तरी आजी त्या दोन कुपनांबद्दल बोलत राहिली. वाचता येत नसले तरी दोन्ही तिला पाठ होती. एकात वीस रुपयांचा हिशेब होता. दुसऱ्यात, तिकडे पाऊस कसा आहे, एवढेच विचारले होते.