लगीनगडीचा शोध

तलासरीकडच्या वारली पाड्यांवरील जुन्या कर्जबाजारीपणावर प्रबंध लिहावयाचे मी योजिले, तेव्हा त्याची साधने कोठल्यातरी दफ्तरखान्यात धूळ खात पडली असतील आणि ती पाहावयास मिळावीत म्हणून मला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील, अशी माझी समजूत होती. परंतु महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी एका चिठोऱ्यावर ‘एन-लिस्ट’ या महाविद्यालयांसाठीच्या वाचनसेवेचे सदस्यनाम व परवलीचा शब्द लिहून दिला आणि सहस्रावधी नियतकालिकांची कवाडे डहाणूतल्या माझ्या खोलीतच उघडली.

उघडली खरी, पण आत शिरून मागावयाचे काय? रोमन लिपीत ‘वारली’ एवढे लिहिताच चित्रकलेवरील लेखांचा लोंढा आला. गंजाडच्या चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्या कलेविषयी मला नितांत आदर आहे. तथापि तांदळाच्या पिठाने रेखाटलेल्या चौकापलीकडे वारल्यांविषयी जगाला काहीच विचारावयाचे नसावे, याचे वैषम्य वाटले. स्थळनाम घालावे तर निराळीच पंचाईत. तलासरीचा पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी, म्हणून 2011 ची शिरगणती ठाण्याच्या नावे. 1882 च्या कॅम्बेलकृत गॅझेटियरात तलासरी तालुका नाहीच, तेथे डहाणू आणि त्याला जोडलेला उंबरगाव पेटा, आणि तो उंबरगाव 1960 मध्ये गुजरातेत गेलेला. ‘शोधगंगा’ या अंकीय प्रबंधसंग्रहात प्रबंध होते, पण प्रकरणागणिक तुकडे केलेले, ‘प्रकरण तीन’ असे नाव धारण करणाऱ्या संचिकेच्या पोटात काय दडले आहे, हे ती उघडल्यावाचून कळण्याची सोय नव्हती.

शोधाचा शब्द सापडला तो भलतीकडेच. झरीजवळच्या एका पाड्यावर एका वृद्ध बाबांपाशी मी ‘वेठबिगार’, ‘ऋणको’ असे माझे पुस्तकी शब्द मांडून बसलो होतो. 1945 साली याच झरीत वारल्यांची मोठी सभा भरली आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला, हे मी त्यांनाच सांगू लागलो, हा माझा आगाऊपणा. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, “मास्तर, लगीनगडी म्हण ना. माझा आजा लगीनगडी होता.”

लग्नाकरिता सावकाराकडून पैसा घ्यावा आणि तो फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा कधीच नाही, नवराबायकोने त्याच्या घरी राबावे, असा तो व्यवहार. तो शब्द घेऊन मी परतलो आणि रोमन लिपीत त्याचे सुचतील तितके वर्णविन्यास लिहून पाहिले. एकही नोंद निघाली नाही. तेव्हा बाबांनी सांगितलेल्या व्यवहाराचेच तुकडे पाडून लग्न, कर्ज, गवतकापणी, जंगल हे शब्द निरनिराळ्या जोड्यांनी इंग्रजीत घातले, तो एका लेखाच्या तळटिपेत सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याच्या अहवालाचा उल्लेख आढळला. मुंबई इलाख्याच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळातला हा अहवाल. त्याची अंकीय प्रतही मिळाली. पण तिची पाने म्हणजे निव्वळ छायाचित्रे, त्यांतील अक्षर यंत्राला वाचता येत नव्हते, म्हणून शोधाच्या चौकटीत काहीही लिहिले तरी उत्तर शून्यच. अखेरीस, पूर्वीच्या संशोधकांनी वाचले असते तसे, एकेक पान उलटीत मी ते वाचले. दोन रात्री लागल्या, आणि लग्नापायी बांधला गेलेला तो मजूर एका परक्या साहेबाच्या कोरड्या इंग्रजीत मला भेटला. काही आकडे पुसट होते. त्यांची रुजवात छापील प्रतीशी घालावी म्हणून डहाणू रोडहून पहाटेची गाडी पकडून कलिन्याच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात दोनदा जाऊन आलो.

पुढे माझा पहिला लेख एका नियतकालिकाकडे धाडताना पाच सूचक शब्द भरावयाचे होते. पहिला मी ‘लगीनगडी’ लिहिला. चौकटीने देवनागरी अक्षर स्वीकारले नाही. तेव्हा तोच एक शब्द रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहून मी तीन जागा भरल्या आणि ‘कर्ज’ व ‘तलासरी’ यांना उरलेल्या दोन दिल्या.