सूर्य बघायचाय? आधी बाबांना विचारा!

बोनस हातात आला की लोक काय करतात? मोबाइल बदलतात, गोव्याला जातात, नाहीतर निमूट एफडी करतात. २०२४ च्या दिवाळीआधी मी दुर्बीण घ्यायची ठरवली. ऑफिसात सगळ्यांनी 'कशाला गं?' विचारून घेतलं. पण खरी अडचण सावनेरहून फोनवर आली.

"रात्री चांदण्या पाह्य ना," बाबा म्हणाले. "पन सूर्याले दुर्बीण लावाची नाही. माया एक डोया त्यानं खाल्ला. आता तू पैशे देऊन तुया द्याले चालली का?"

त्याचं असं झालं. १६ फेब्रुवारी १९८०. त्या दुपारी कर्नाटकातल्या अंकोल्यापासून ओडिशातल्या पुरीपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण होतं, आमच्याकडे खंडग्रास. घरातले सगळे दारं-खिडक्या लावून बसलेले. बारा वर्षांचे बाबा मात्र हळूच गच्चीवर सटकले आणि उजवा डोळा मिटून डाव्यानं सूर्याकडे बघत राहिले. दुखलं काहीच नाही. तिथेच तर मेख आहे. आपल्या दृष्टिपटलाला वेदना कळतच नाही, ते गुपचूप भाजतं! दुसऱ्या दिवसापासून त्या डोळ्यासमोर मधोमध एक डाग आला, तो आजही आहे. किराणा दुकानात काट्यावरचा आकडा बाबा डावा डोळा बारीक करून वाचतात. लहानपणी मला ती त्यांची स्टाइल वाटायची.

तरीही मला सूर्य बघायचाच होता. त्यामुळे खरेदीच्या अटी ठरल्या तीन. दुर्बीण पुणे-नागपूर गाडीत बर्थखाली मावली पाहिजे, पुढे सावनेरच्या एसटीत मांडीवर घेता आली पाहिजे आणि दिवसा-रात्री दोन्ही वेळा कामाला आली पाहिजे.

पहिला मोह खोक्यावरच्या '५०० पट मोठे दिसते' या जाहिरातीचा. फसू नका! वर्धन म्हणजे साधा भागाकार. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचं नाभीय अंतर. नेत्रिका बदलली की आकडा हवा तेवढा फुगतो. पण भिंगाचा व्यास जेवढे मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट वर्धनापुढे फक्त धूसरपणा मोठा होतो. ५० मिलिमीटरच्या दुर्बिणीत १०० पटीपुढे काही खरं नाही.

दुसरा मोह टेबलावर ठेवायच्या १३० मिलिमीटरच्या डॉब्सोनियनचा. जॉन डॉब्सन या माणसानं ही साधी, लाकडी बैठकीची रचना लोकप्रिय केली. हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होते आणि रस्त्यावर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायचे! ८० मिलिमीटरच्या तुलनेत ही अडीचपटीहून जास्त प्रकाश गोळा करते. फक्त रात्रीच बघायचं असेल तर हीच घ्या. पण प्रवासात आरसे हलले की पुन्हा जुळवत बसा, आणि बर्थखाली तिला जागा कुठे?

तिसरा मोह स्मार्ट दुर्बिणीचा. ती तारा स्वतः शोधते आणि चित्र मोबाइलवर पाठवते. पण दिवसभर स्क्रीनच बघतो की आपण!

शेवटी घेतली ८० मिलिमीटर व्यासाची, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगाची दुर्बीण. १० मिलिमीटरच्या नेत्रिकेनं ४० पट. हलकी, बंद नळीची, जुळवाजुळवीची कटकट नाही. दिवसा तापलेली हवा थरथरत असते, त्यामुळे सूर्यासाठी फार मोठ्या भिंगाचा तसाही फायदा होत नाही.

आणि सोबत फिल्टर, जो दुर्बिणीइतकाच महत्त्वाचा. सूर्यफिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच बसवायचा. नेत्रिकेत बसवायची काळी काच स्वस्तात मिळाली तरी नको, उष्णतेनं ती तडकू शकते. माझी फिल्म सूर्यप्रकाशाचा फक्त एक लाखावा हिस्सा आत सोडते.

भाऊबीजेच्या सकाळी गच्चीवर दुर्बीण लावली. बाबांनी आधी फिल्टर मागितला. गिऱ्हाइकाची नोट उजेडात धरतात, तसा तो दिव्यासमोर धरला. टाचणीएवढं भोक असलं तरी तो बाद! मग चिकटपट्टीनं नळीला पक्का बसवला, वाऱ्यानं उडायला नको. छोटी शोधक दुर्बीण मी काढूनच ठेवली, कारण तिला फिल्टर नव्हता. सूर्य सापडवायचा नळीच्या सावलीवरून. सावली सगळ्यात आखूड झाली की नेम लागला. आधी मी बघितलं. माझा डोळा शाबूत आहे याची खात्री झाल्यावर बाबा पुढे आले. उजवा डोळा लावला.

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "याच्यावर बी डागच हाय की वं!"

होतेच. सूर्य अकरा वर्षांच्या चक्रातल्या ऐन भरात आल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्येच जाहीर झालं होतं. असल्या कित्येक डागांमध्ये आपली पृथ्वी सहज मावते, असं मी सांगितलं. त्यांनी पुन्हा डोळा लावला. या वेळी आईला हाक मारली, शेजारच्या पोरांनाही.

रात्री शनी दाखवला. कडी अगदी बारीक, काडीसारखी. दक्षिणेला नागपूरचा उजेड आकाश खातो, पण उत्तरेला छिंदवाड्याच्या बाजूला बरंच काळोखं आहे. सावनेरहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम एकवीस अंशांवर, म्हणजे आपल्या अक्षांशाइतकाच वर. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. पण डोक्यात सूर्यच होता.

"आता गिऱ्हान कधी?"

"२ ऑगस्ट २०२७. महाराष्ट्रातून खंडग्रास. ढग नसले तर."

निघताना मी फिल्टर बॅगेत टाकत होते. बाबांनी तो काढून घेतला, डब्यात नीट ठेवला आणि डबा माझ्या हातात दिला.

"दुर्बीण विसरली तरी चालन," म्हणाले. "हा सांभाळून ठेवजो."