पुसून लावायचे व्हार्निश घरीच करा

शेतकरी बंधूंना फवारणीची प्रमाणे सांगण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. औषध दाट केले म्हणजे गुण जास्त, ही समजूत शिवारात आहे, तशीच ती लाकडाच्या व्हार्निशाबाबत घराघरांत आहे. दोन्हीकडे पैसा वाया जातो.

आम्ही दिघ्याला राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ दिवसभर घरात येते. ब्रशने दाट थर दिला तर तो वाळेपर्यंत धूळ बसून खरखरीत होतो. म्हणून वडिलांच्या सागवानी पेटीला मी पातळ व्हार्निश फडक्याने पुसून लावले. पातळ थर लवकर सुकतो, ओघळही येत नाहीत.

कृती सोपी आहे. एका डब्याचे, तेलावर आधारलेले पॉलियुरेथेन व्हार्निश एक वाटी व मिनरल टर्पेंटाईन एक वाटी घ्यावे. कोरड्या बाटलीत काडीने ढवळावे. हलवू नये, बुडबुडे येतात. लाकूड पॉलिशपेपरने घासून पुसून घ्यावे. जुन्या सुती धोतराच्या घडीने रेषांच्या दिशेने लावावे. रात्रभर वाळू द्यावे, बारीक पेपर हलका फिरवून पुढचा हात द्यावा. असे पाच-सहा हात पुरेत. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो. काम उन्हाळ्यात काढावे.

दुकानात ‘पीयू’ म्हणून हार्डनरसह दोन डब्यांचाही माल मिळतो. तो टर्पेंटाईनमध्ये चालत नाही, त्याची वाफही फुप्फुसाला घातक असते. घरी तो करू नये. टर्पेंटाईनऐवजी रॉकेलही नको. ते लवकर उडत नाही, लाकूड तेलकट राहते. कुदळ-फावड्याच्या दांड्याला मात्र हे व्हार्निश लावू नये, हात घसरतो. तिथे जवसाचे तेल चोळलेले बरे.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे व्हार्निश हवेतील प्राणवायू घेऊन वाळते व तेव्हा उष्णता निघते. जवसाच्या तेलाचेही तसेच. भिजलेल्या फडक्यांचा बोळा करून टाकला तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता पेट घेते. गोठ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी असा बोळा पडला तर वर्षाचा चारा आणि दावणीची जनावरे धोक्यात येतात. म्हणून फडकी गंजीपासून दूर, उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत. कडक झाल्यावरच टाकावीत. हे काम घरच्या मुलांवर सोपवू नये.