दिवाळीच्या यादीत एक फॉर्म

तुमच्या घरात बी.एस्सी.ला असलेली मुलगी आहे का? मुलगी नसेल तर भाची, पुतणी? मग मैत्रिणींनो, हे चार शब्द तुमच्यासाठीच आहेत. दहावी-बारावीला आपण मुलींमागे किती धावतो! क्लास, गाइडं, रात्रीचं गरम दूध. एकदा ती कॉलेजात गेली, की ‘आता तिचं ती बघेल’ म्हणून आपण मोकळ्या होतो. पण पदवीचं शिक्षण चालू असतानाच मुलींना संशोधन करता येतं आणि त्यासाठी पैसेही मिळतात, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असतं?

मी राहते पाचगणीला. वरच्या मजल्यावर चार खोल्या आहेत, त्या आम्ही पाहुण्यांना देतो. एप्रिल-मे हा आमचा सीझन. वर्षाची बेगमी त्या दोन महिन्यांत करायची. थोरली लेक साताऱ्याला वनस्पतिशास्त्र शिकते.

दुसऱ्या वर्षाला असताना तिनं माझ्याकडे सुतळी मागितली. चार काठ्या बांधून एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट केली आणि निघाली टेबललँडवर. घोडी फिरतात तिथं चौकट ठेवायची आणि आतली रोपटी मोजायची. मग कडेला, जिथं फारसा पाय पडत नाही, तिथंही मोजायची. सासूबाई म्हणाल्या, “अगं, जन्मापासून बघतोय ते पठार, त्यात शोधायचं काय?” ती म्हणाली, “आजी, बघतात सगळेच, मोजतं कोण?”

संशोधन म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. ज्याचं उत्तर पुस्तकात तयार नाही असा प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी उन्हातान्हात बसायचं. हे काम तिनं ‘आविष्कार’ स्पर्धेत मांडलं. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांसाठी ही संशोधन स्पर्धा २००६ सालापासून भरते. पदवीच्या मुलांचा गट वेगळा असतो आणि विषय फक्त शास्त्राचेच नसतात. भाषा, वाणिज्य, शेती, सगळ्याला जागा असते. तेव्हा आर्ट्‌सच्या मुलीच्या आईनं पान उलटू नये!

पुढची पायरी उन्हाळी फेलोशिपची. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून ती देतात. निवड झालेल्या मुलांना दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं, दरमहा विद्यावेतन मिळतं, गाडीभाडंही मिळतं. लेकीनं दुसऱ्या वर्षी अर्ज केला, पण नाव लागलं नाही. तिसऱ्या वर्षी पुन्हा केला आणि लागलं. बंगळूरला. मे आणि जून.

आता बघा, मे! पाहुण्यांची नोंदवही तीच ठेवायची, सकाळचे पोहे-चहा तीच बघायची. ह्यांचा चेहराच उतरला. “ऐन सीझनमध्ये? आणि पुढे नोकरी मिळणार का त्यानं?” सासूबाईंना काळजी वेगळी. एकटी मुलगी, परका मुलूख, उद्या स्थळं बघायची. कोणी वाईट बोलत नव्हतं, सगळे काळजीपोटीच बोलत होते. म्हणून तर उत्तर देणं अवघड.

मी सासूबाईंना कमलाबाई सोहोनींची गोष्ट सांगितली. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला, तर केवळ बाई म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. आणि इरावतीबाई कर्वे? बी. ए. नंतर मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा अभ्यास त्यांनी केला तो दक्षिणा फेलोशिपच्या आधारावर. म्हणजे हुशार मुलीच्या पाठीशी थोडा पैसा उभा राहिला तर काय होतं, हे आपल्याला नवं नाही. “आणि ढग मोजायला पुण्याची शास्त्रज्ञ मंडळी आपल्या महाबळेश्वरी येतातच की,” मी म्हटलं, “मग आपली पोर बंगळूरला गेली तर काय बिघडलं?”

सीझनचं उत्तर मात्र गोष्टीनं मिळत नाही, हिशेबानं मिळतं. त्या वर्षी मी चारातली एक खोली बंद ठेवली. तीन खोल्यांचं काम मला झेपत होतं. नुकसान झालं, नाही कसं म्हणू? पण लग्नकार्यात आपण त्याहून जास्त एका दिवसात उडवतो, हे ह्यांनाही पटलं.

तिकडून पहिले पंधरा दिवस फोनवर एकच, “आई, आज पुन्हा चुकलं.” मग कळलं, तिथं चुकलेलंही वहीत तारखेसकट लिहायचं असतं. आपल्याकडे पाक बिघडला तर आपण पातेलं आधी लपवतो! परत आली तेव्हा मुलगी बोलायला लागली होती. पाहुण्यांशी, वडिलांशी, स्वतःच्या पुढच्या बेतांविषयीसुद्धा.

आता कामाच्या गोष्टी. अकादमींचा अर्ज साधारण नोव्हेंबरपर्यंत भरायचा असतो, म्हणजे आपल्या चकल्या-करंज्यांच्या धांदलीत. त्याला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. शिक्षकही सुटीवर जातात, म्हणून ते आधीच मागायला सांगा. ‘मला हा विषय का आवडतो’ हे मुलीला स्वतःच्या शब्दांत लिहू द्या, कुणाचं उतरवून नको. राहण्याची सोय कुठे, हे निघण्याआधी विचारून घ्या.

बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेली आणि मूलभूत शास्त्रं शिकणारी मुलगी असेल, तर केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती बघा. वर्षाला ८० हजार रुपये, त्यातले २० हजार खास उन्हाळी संशोधनासाठी. नव्या धोरणात पदवी चार वर्षांची करता येते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथं वर्ष संशोधनासह करता येतं. आणि बँकेतलं खातं मुलीच्या नावावर हवं, पासबुकही तिच्याच हातात. पहिली कमाई तिची तिनं मोजावी.

नाव लागेलच असं नाही. पण अर्जच केला नाही तर लागणार कुठून? यंदा फराळाची यादी कराल ना, रवा, बेसन, साखर? तिच्याखालीच फॉर्मची शेवटची तारीख लिहा, आणि यादी लेकीला दिसेल अशी फळीवर लावा.