मोठ्या माणसाला बोबडं म्हणू नये

‘बोबडा’ या शब्दावर माझा फार जीव होता, अजूनही आहे. शके 1212 मधल्या ज्ञानेश्वरीत, पहिल्याच अध्यायात, ज्ञानेश्वर श्रोत्यांपुढे लेकरू होऊन उभे राहतात. मूल बोबडं बोललं तरी आईबापांना त्याचा अधिकच संतोष वाटतो, तसं माझं बोलणं गोड मानून घ्या, असं त्यांचं मागणं. त्यामुळे या शब्दात कमीपणा नाहीच, असं मी ठासून सांगत असे. ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘राम’ला ‘लाम’ म्हणणारं पोर असो, की अर्धांगवायूनंतर शब्द अडणारे आजोबा. दोघांनाही हा मायेचा शब्द पुरतो, असं माझं मत होतं.

काका आजारी पडले आणि ते मत टिकलं नाही.

जेवताना त्यांचे शब्द एकमेकांत मिसळू लागले. घरात कुणीतरी म्हणालं, ‘बोबडी वळलीय, थकले असतील, जरा पडू द्या.’ मराठीत बोबडी वळते ती घाबरून, आणि भीती ओसरली की वाचा परत येते. हा वाक्प्रचार कानात इतका मुरलेला, की आम्ही वाट पाहत बसलो. अशी अचानक वाचा फिरली तर तोंड वाकडं होतंय का, दोन्ही हात वर राहतात का, एवढं पाहून लगेच 108 ला फोन करायचा असतो. मेंदूकडे जाणारं रक्त गुठळीने अडलं असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, याची खात्री करावी लागते. त्यातला बराच वेळ आमचा घरातच गेला.

तरी माझं मन खरं फिरलं ते पुढच्या दिवसांत. काका कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांचा ओठांवरचा, जिभेवरचा ताबा सुटला होता, समज शाबूत होती. शब्दच सापडत नाहीत किंवा ऐकलेलं उमगत नाही, तो वाचाघात, तो वेगळा. स्पीच थेरपिस्टनी हे पहिल्याच भेटीत समजावलं. पण ‘काका बोबडं बोलतात’ हे एकदा नातेवाइकांत पसरलं आणि येणारेजाणारे त्यांच्याशी लाडीगोडीने, मोठ्या आवाजात बोलू लागले. ‘जेवले का हे?’ असं काकूंना विचारायचे, काका समोर बसलेले असताना. शेताच्या वाटणीचा कागद त्यांच्यापुढे नुसता सहीला ठेवला गेला, वाचायला दिला नाही. उभा जन्म कोर्टाचे कागद वाचलेल्या माणसाला!

मुलाच्या बोबडेपणात गोडी आहे, कारण त्याचं बोलणं अजून घडतंय. काकांचं घडलेलं, कमावलेलं बोलणं हिरावलं गेलं होतं. त्यात गोड मानण्यासारखं काय होतं? तोतरं बोलणं, चाचरणं, पुटपुटणं यांना मराठीने वेगवेगळे शब्द दिले आहेत. याही अवस्थेला आपल्या घराघरांत शब्द आहे: जीभ जड होणे. त्यात दुखणं जिभेचं राहतं, माणसाचं वय आणि मान उणावत नाही.

आता कुणी भेटायला आलं की मी दारातच सांगतो, ‘काकांची जीभ जड झालीय, पण सगळं कळतं त्यांना. काय विचारायचं ते त्यांनाच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.’