कांसेतले लाल पाणी



वार्षिक अंकासाठी काही लिहा असा निरोप आला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. एक कबुली बरेच दिवस मनात होती. ती आपल्याच माणसांपुढे द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर बडोद्यातच, एका पावसाळी कांसेपासून हाकेच्या अंतरावर. कांस म्हणजे पावसाचे पाणी नदीकडे नेणारा मोठा नाला, हे बडोदेकरांना सांगायला नको. भूखी कांस, रुपारेल कांस, मसिया कांस ही नावे आपण लहानपणापासून ऐकतो. माझी आजी तर पावसाळ्यात घरी येणाऱ्याला आधी विचारायची, "कांस किती भरलीय रे?"

ऑगस्ट 2024 चा पूर आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. काळा घोडा पुलाजवळ विश्वामित्रीने 35 फुटांची पातळी ओलांडली. वस्त्यांत शिरलेल्या मगरी वनखात्याने पकडून नेल्या. आमच्या तळमजल्यावर कमरेएवढे पाणी होते. आईचा देव्हारा त्यात बुडाला. पाणी ओसरल्यावर देव धुवायला घेतले, तर गाभाऱ्यात काळा, चिकट गाळ आणि नाक धरावे अशी दुर्गंधी. आई काही बोलली नाही. तीन वेळा देव धुऊनही तिने त्या दिवशी पूजा केली नाही. मी मात्र दिवसभर यंत्रणेच्या नावाने बोटे मोडत होतो.

पुढच्या मार्चमध्ये, म्हणजे 2025 साली, सातवीतल्या आमच्या लेकीला पर्यावरणाचा प्रकल्प होता. कांसेच्या कठड्यावरून वाकून पाहत तिने विचारले, "बाबा, ही पावसाची कांस ना? मग पाच महिने पाऊस नाही, तरी हिच्यात पाणी कुठून येतंय?"

मी गप्प झालो. इतकी वर्षे त्या कठड्यावरून जातो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग बापलेक दोघे माहिती गोळा करू लागलो. शहराच्या पोटात दोन वेगळ्या वाहिन्या असतात. एक सांडपाण्याची. ती शुद्धीकरण केंद्राकडे जाते. दुसरी पावसाची. ती कांसेवाटे थेट नदीत जाते आणि वाटेत तिचे पाणी कोणी गाळत नाही, कोणी शुद्ध करीत नाही. रस्त्याच्या कडेच्या जाळीत टाकलेले गाडीचे काळे तेल, रंगाचे ब्रश धुतलेले पाणी, प्लास्टिक, शेण, सारे जसेच्या तसे विश्वामित्रीत उतरते. पहिल्या जोरदार सरीचे पाणी तर सर्वांत घाण असते, कारण आठ महिने रस्त्यावर साठलेले सगळे ते एकदम धुऊन नेते.

कोरड्या ऋतूत पावसाच्या वाहिनीत पाणी दिसले, तर कोणीतरी सांडपाणी तिला जोडले असावे असा पहिला संशय घ्यावा. जलप्रदूषणावर काम करणारे जगभर ही साधी खूण पाहतात.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा 1974 चा आहे. त्याच्या 24 व्या कलमाने प्रदूषक पदार्थ नदीनाल्यात जाणूनबुजून सोडण्यास मनाई केली आहे. स्नानयोग्य नदीसाठी मोजमापही ठरलेले आहे. पाण्यातील घाण कुजताना किती प्राणवायू खाते, हे मोजतात. स्नानयोग्य पाण्यात ते प्रमाण लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. घरगुती सांडपाण्यात ते 200 च्या आसपास असते. म्हणजे एक बादली सांडपाणी सामावून घ्यायला किती बादल्या स्वच्छ पाणी लागेल, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा.

हे वाचताना लेकीने सहज विचारले, "आपल्या घरचं पाणी कुठे जातं?"

"गटारात," मी म्हणालो.

"कशावरून?"

तिनेच युक्ती काढली. मागच्या मोरीत खायचा लाल रंग घालून बादलीभर पाणी ओतायचे ठरले. ती बाहेर पावसाच्या चेंबरपाशी बसली. दोन मिनिटांत तिची हाक आली, "बाबा, लाल पाणी इथे आलं!"

तेव्हा मला आठवले. 2009 साली मागे धुण्याची मोरी बांधली, तेव्हा प्लंबरने विचारले होते, "साहेब, पावसाची लाइन जवळ आहे, तिच्यात सोडू का? पाइप वाचेल." मी मान डोलावली होती. पंधरा फूट पाइप वाचला आणि सोळा वर्षे आमच्या घरचे कपड्यांचे, भांड्यांचे पाणी नदीत जात राहिले. देव्हाऱ्यातल्या त्या गाळात आमचाही वाटा होता.

मे महिन्यात जोड बदलून घेतला. साडेनऊ हजार रुपये लागले. शेजारी म्हणाले, "सगळ्यांचंच असं आहे, तुम्ही एकटे काय करणार?" तरी लेक रंगाची बाटली घेऊन दारोदार गेली. गल्लीतल्या अकरा घरांपैकी सात घरांनी तपासू दिले, त्यांतल्या चार घरांचे पाणी चुकीच्या वाहिनीत जात होते. त्यांपैकी दोघांनी आजवर जोड बदलले आहेत. कांस अजून कोरडी झालेली नाही, हेही प्रांजळपणे सांगतो.

त्याच उन्हाळ्यात शहरात नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे काम चालू होते. त्याची गरज होतीच. पण रुंद पात्रामुळे पाणी लवकर वाहून जाते, ते स्वच्छ होत नाही. पावागडच्या डोंगरातून निघालेली ही नदी पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. खालच्या गावांपर्यंत काय पोहोचवायचे, हे आपल्या मोऱ्यांवर ठरते.

विद्यार्थी मित्रहो, या सुट्टीत एवढे करा. पावसाळ्यापूर्वी, कोरड्या दिवशी, आईबाबांना सोबत घेऊन घरच्या प्रत्येक मोरीत खायचा रंग घालून पाहा. चेंबरचे झाकण मात्र मोठ्यांनाच उघडू द्या. विश्वस्त मंडळींनाही नम्र विनंती की, शाळेच्या पाणपोईपासूनच ही तपासणी सुरू करावी. रंग आणून द्यायला आमची लेक तयार आहे.

यंदा पहिल्या पावसाआधी आईने मला विचारले, "आता आपलं पाणी नीट जातं ना रे?" हो म्हणालो. पुराच्या दिवशी तिने न विचारलेला प्रश्न बहुधा हाच होता.