नववी मात्रा

मी तबला शिकले ते मैफलीत वाजवायला. आता आठवड्यातून दोन दिवस एका शाळेच्या रिसोर्स रूममध्ये बसते. समोर पाच-सहा मुलं. कुणाला डिस्लेक्सिया, कुणाला एडीएचडी. आज काय साधायचंय ते स्पेशल एज्युकेटर ताई ठरवते, मग मी ठेका धरते.

'पुस्तक' हा शब्द घ्या. पाचवीतला एक मुलगा तो 'पुतक' असा वाचायचा. कागदावर पु, स्त, क असं दिसतं. तोंडाने आपण म्हणतो पुस्-तक. लिहिण्यातली फोड वेगळी, बोलण्यातली वेगळी. आम्ही शब्द आधी हातावर घेतला. दोन टाळ्या: पुस्, तक. अर्धा स पहिल्या टाळीला चिकटलाय, हे त्याला ऐकू आलं. मगच वही उघडली. 'रस्ता', 'दप्तर', 'चष्मा' त्याच वाटेने आले.

केंब्रिजच्या संशोधक उषा गोस्वामी अनेक वर्षं हेच मांडतायत: डिस्लेक्सिया असलेल्या बऱ्याच मुलांना लय पकडणं जड जातं, आणि त्याचा संबंध शब्दातले ध्वनी सुटे ऐकण्याशी आहे. पण तबल्याने डिस्लेक्सिया 'बरा होतो' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. वाचन शिकवावंच लागतं. ताल फक्त कानाला तयार करतो.

एक मुलगी मध्येच बोलते, उठते. 'गप्प बस' ऐकून ती कंटाळलीय. तीनतालात १६ मात्रा. पहिली, पाचवी, तेराव्या मात्रेवर टाळी. नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे हात नुसता हवेत. ती खाली मी तिला दिली. आठ मात्रा ती दम धरून बसते. तिथे तिचं गप्प राहणं ही शिक्षा नसते, तिचं काम असतं.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे. कायदा हक्क देतो. वेळापत्रकातला तास मात्र दर वर्षी मागावा लागतो. 'याने मार्क वाढतील का?' एका आईने विचारलं. मी म्हटलं, 'मार्कांचं वचन नाही देत. पण तो आता वर्गात वाचायला उभा राहतो.'

या सत्रात आमचा तास गणिताला द्यायचं चाललंय. मुख्याध्यापिकाबाईंना मी एवढंच म्हटलंय: ठरवण्याआधी एकदा येऊन आमच्यात बसा. नववी मात्रा तुमची.